त्या निवेदनावर माझी सही नाही

मा. अध्यक्ष, सचिव आणि प्रार्थना मंडळाचे सर्व सभासद यांस,

ख्रिस्ताठायी सप्रेम नमस्कार.

‘धार्मिक भावना दुखावल्याबद्दल कठोर कारवाई होणेबाबत’ असा विषय घातलेलं तुमचं निवेदन रविवारी मिस्सानंतर सह्यांसाठी फिरत होतं. माझ्यापर्यंत आलं तेव्हा मी ते नीट वाचलं आणि सही न करता पुढे दिलं. त्यावर काहींनी चर्चच्या आवारातच गाठून विचारलं, ‘सर, तुम्हीसुद्धा?’ एकेकाला उत्तर देत बसण्यापेक्षा सगळ्यांना मिळून लिहितो. पत्र खुलं ठेवतोय. समलिंगी लोकांवरच्या आपल्याकडच्या प्रवचनावर टीका केली म्हणून ज्यांच्याविरुद्ध तुम्ही पोलिसांत निघाला आहात त्यांनाही माझं म्हणणं कळू दे.

आधी माझ्याबद्दल. आपल्या धर्मग्रामात मी बरीच वर्षं धर्मशिक्षणाचे वर्ग घेतले. तुमच्यातल्या निम्म्याअधिक लोकांच्या मुलांना दृढीकरणाच्या तयारीला मीच बसवलंय. विवाह हा एका स्त्रीचा आणि एका पुरुषाचा संस्कार आहे, ही ख्रिस्तसभेची शिकवण मी त्यांना सांगितली आणि आजही सांगतो. तेव्हा ‘मास्तर पुरोगामी झाले’ म्हणून पत्र बाजूला सारू नका.

तुमच्या निवेदनात म्हटलंय की ‘पवित्र शास्त्रातील वचन सांगितल्याबद्दल’ आपल्या प्रवचनकारांची समाजमाध्यमांवर बदनामी चालली आहे. त्या प्रवचनाची क्लिप मी पाहिली. सही मागणाऱ्यांपैकी किती जणांनी शेवटपर्यंत पाहिली, माहीत नाही. म्हणून त्यात काय आहे ते लिहितो.

मंडप, मागे जांभळा पडदा, उजव्या हाताला कीबोर्ड. प्रवचनकार बायबलमधल्या संत पौलाच्या रोमकरांस पत्राचा पहिला अध्याय काढतात, समलिंगी संबंधांना दोष देणारी दोन वचनं वाचतात. इथपर्यंत सगळे शांत. मग ते बायबल मिटतात, माईक स्टँडवरून काढून हातात घेतात आणि मनगट वाकवून, कंबर हलवत स्टेजवर चार पावलं चालून दाखवतात. ‘असले बायल्ये आता आपल्या आळीतपण फिरायला लागलेत.’ हशा. पहिल्या रांगेतल्या एक बाई तोंडाला रुमाल लावून हसताहेत. पुढे ते सांगतात की हा आजार आहे, उपवास-प्रार्थनेनं बरा होतो. अशांना घर भाड्यानं देऊ नका, पोरांना त्यांच्या वाऱ्याला उभं करू नका. पुन्हा हशा, मग ‘हालेलुया’. कीबोर्डवरचा मुलगा मान खाली घालून पट्ट्यांकडे बघत बसलाय. त्याच्याबद्दल मला काही सुचवायचं नाही. पण एवढ्या भरल्या मंडपात कोण काय मनात घेऊन बसलंय, हे माईकवाल्याला कधीच ठाऊक नसतं.

माझा प्रश्न साधा आहे. रोमकरांस पत्राच्या कुठल्या अध्यायात ती नक्कल आहे? घर भाड्यानं देऊ नका, हे पौलाने कुठे लिहिलंय?

क्लिपखालचा मजकूरही मी वाचला. बायबललाच नावं ठेवणारे आहेत, नाही असं नाही. पण बहुतेकांचा राग त्या चालण्यावर आणि भाड्याच्या घरावर आहे. एका आईने लिहिलंय, ‘माझा मुलगा तुमच्याच चर्चमध्ये अल्तारसेवक होता, त्याच्यावर हसलात.’ हिच्याही विरुद्ध गुन्हा नोंदवायचा का? निवेदनात सरसकट ‘सर्व संबंधितांवर’ असं लिहिलंय, म्हणून विचारतो.

आता वचनाबद्दल. पौलाच्या पत्रांना अध्यायांचे आकडे मुळात नव्हते, ते तेराव्या शतकात पडले. त्यामुळे पहिला अध्याय संपला तिथे पौल थांबला, असा आपला गैरसमज होतो. तो थांबलेला नाही. आपण जी दोन वचनं वाचतो त्यांच्या पाठोपाठ तो मत्सर, कपट, भांडणं, चहाड्या, आईबापांची अवज्ञा अशी लांबलचक जंत्री देतो आणि त्याच दमात पुढे म्हणतो की दुसऱ्याला दोषी ठरवणाऱ्या माणसा, तू कोणीही अस, तुला सबब नाही. हे दुसऱ्या अध्यायाचं पहिलं वचन. सापळा लावल्यासारखी रचना आहे ती. ऐकणारा ‘बरोबर, बरोबर’ म्हणत मान डोलावत येतो आणि नेमका तिथे सापडतो. आपले प्रवचनकार सापळ्याच्या अलीकडेच पुस्तक मिटतात.

करिंथकरांस पहिल्या पत्राच्या सहाव्या अध्यायातली यादीही तशीच. देवाच्या राज्याचं वतन कोणाला मिळणार नाही ते तिथे सांगितलंय: जारकर्मी, मूर्तिपूजक, व्यभिचारी, समलिंगी संबंध ठेवणारे, चोर, लोभी, दारुडे, निंदक, लुबाडणारे. २०१९ च्या एप्रिलमध्ये ऑस्ट्रेलियाचा रग्बीपटू इझ्रायल फोलाऊ याने इन्स्टाग्रामवर याच धर्तीची यादी टाकली. दारुडे, समलिंगी, व्यभिचारी, लबाड, चोर, नास्तिक, मूर्तिपूजक, सगळ्यांची वाट नरकाकडे, पश्चात्ताप करा. त्यावरून रग्बी ऑस्ट्रेलियाने त्याचा करार रद्द केला. आपल्याकडच्या गटांत हे प्रकरण ‘बघा, ख्रिस्ती माणसाची गळचेपी’ म्हणून अजून फिरतं. त्याच्याकडे पुढे वळतो. आधी ती यादी बघा. त्यात मूर्तिपूजक आहेत. गणपतीच्या दिवसांत शेजारच्या काकू मोदकांचं ताट घेऊन येतात तेव्हा त्यांना ही यादी आपल्यापैकी कोण वाचून दाखवतो? मंडपात माईकवर मूर्तिपूजकांची नक्कल करून कोण हशा मिळवतो? कोणीच नाही. शेजारधर्म आपल्याला कळतो, शिवाय परिणामही कळतात. यादीत लोभीही आहेत. वसईतल्या किती वाड्या विकल्या गेल्या, विहिरी बुजल्या, टॉवर उभे राहिले. लोभ्यांची अशी चाल करून दाखवणारं प्रवचन मी अजून ऐकलेलं नाही. ती मंडळी देणगीदार म्हणून पुढच्या खुर्च्यांवर असतात. म्हणजे सगळ्या यादीतून आपलं धाडस नेमकं त्या एका शब्दापाशी जागं होतं, जिथे समोरचा माणूस आधीच तोंड लपवून बसलेला आहे. याला मी विश्वासाची जाहीर साक्ष म्हणू शकत नाही.

बरं, ख्रिस्तसभेची शिकवण सांगायची तर पुरती सांगा. १९९२ चा आपला कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथ (कॅटेकिझम) उघडा. २३५७ क्रमांकाच्या परिच्छेदात समलिंगी कृतींबद्दल कडक शब्द आहेत, ते लपवायचं कारण नाही. पण लगेच २३५८ येतो. अशा प्रवृत्तीच्या स्त्री-पुरुषांची संख्या दुर्लक्ष करण्याजोगी नाही, त्यांचा आदराने, कळवळ्याने आणि हळुवारपणे स्वीकार करावा, त्यांच्याविरुद्ध अन्याय्य भेदभावाची खूणसुद्धा टाळावी. घर भाड्यानं न देणं ही खूण नाही, तो अख्खा भेदभाव आहे. हा ग्रंथ येण्याच्या सहा वर्षं आधी, १९८६ मध्ये, कार्डिनल रात्झिंगर यांच्या सहीने बिशपांना एक पत्र गेलं होतं. शिकवणीत तसूभर सवलत न देणारं पत्र. त्यातही म्हटलंय की समलिंगी व्यक्तींबद्दल शब्दांतून किंवा कृतीतून जो दुष्टावा होतो तो निंद्य आहे आणि जिथे होईल तिथे मेंढपाळांनी, म्हणजे धर्मगुरूंनी, त्याचा निषेध करावा. हेच रात्झिंगर पुढे पोप बेनेडिक्ट झाले. त्यांना कोणी उदारमतवादी म्हणणार नाही. त्यांचं पत्र खरं मानलं तर त्या मंडपात निषेध व्हायला हवा होता तो टिंगलीचा, आणि तो आपल्यापैकी कोणी करायला हवा होता. आपण गप्प बसलो, बाहेरच्यांनी केला.

आजार म्हणण्याबद्दल थोडक्यात. पाप आहे असं म्हणणं हा श्रद्धेचा भाग. त्यावर डॉक्टर काही बोलणार नाही. आजार आहे म्हटलं की तुम्ही त्याच्या दवाखान्यात शिरलात, तिथे त्याचं ऐकावं लागतं. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये समलैंगिकता हे नाव आजारांच्या यादीतून काढलं. मद्रास उच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशानंतर राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये असे ‘बरे करण्याचे’ उपचार म्हणजे डॉक्टरचं व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. प्रार्थनेनं बरं करतो म्हणणाऱ्यांत जगातली सर्वांत मोठी ख्रिस्ती संस्था अमेरिकेतली एक्झोडस इंटरनॅशनल. ती २०१३ च्या जूनमध्ये बंद झाली. तिच्याच अध्यक्षांनी, अॅलन चेंबर्स यांनी, ज्यांना त्रास झाला त्यांची जाहीर माफी मागितली. आयुष्य त्या कामात घालवलेला विश्वासू माणूस हे सांगतोय. आपल्या मंडपातल्या हमीपेक्षा मी त्याचं धरीन.

आता पोलीस ठाण्याकडे येतो, कारण निवेदनाचा खरा विषय तो आहे. तुम्ही भारतीय न्याय संहितेचं कलम २९९ लावायला सांगताय, म्हणजे जुनं २९५अ. जाणूनबुजून, दुष्ट हेतूने एखाद्या वर्गाच्या धार्मिक भावना दुखावल्या तर तीन वर्षांपर्यंत कैद. इंग्रजांनी १९२७ मध्ये आणलेलं हे कलम. प्रवचनावर टीका केली म्हणून ते लावता येत नाही, हे कोणताही वकील सांगेल. पण समजा लागलं. मग काय होतं, त्याचा नमुना आपल्या शेजारीच आहे.

२०१२ मध्ये मुंबईत इर्ल्याच्या चर्चजवळच्या क्रुसावरच्या मूर्तीच्या पायांतून पाणी ठिबकू लागलं. लोक बाटल्या घेऊन जमले. विवेकवादी सनल एडामरुकू यांनी येऊन पाहणी केली आणि सांगितलं की तुंबलेल्या नळीचं पाणी भिंतीतून वर चढतंय. शिवाय टीव्हीवर चर्चबद्दल चार कडवट गोष्टी बोलले. आपल्याच कॅथलिक संघटनांनी २९५अ खाली तक्रारी केल्या. अटकेच्या धास्तीने ते गृहस्थ देश सोडून फिनलंडला गेले आणि तिथेच राहिले. पाणी कशामुळे ठिबकत होतं, यावर आपण उत्तर दिलंच नाही. आजही तो विषय निघाला की मला अवघडल्यासारखं होतं.

योगायोग बघा, त्याच फिनलंडमध्ये पाइवी रॅसानेन नावाच्या बाई आहेत. डॉक्टर, खासदार, माजी गृहमंत्री. हेलसिंकीच्या प्राइड मोर्चाला लुथरन चर्चने पाठबळ दिलं, म्हणून २०१९ च्या जूनमध्ये त्यांनी ट्विटरवर चर्चलाच जाब विचारला आणि सोबत रोमकरांस पत्राच्या त्याच पहिल्या अध्यायाचा फोटो टाकला. सरकारी वकिलांनी त्यांच्यावर अल्पसंख्य गटाविरुद्ध चिथावणीचा खटला भरला. २००४ साली लिहिलेली त्यांची एक पुस्तिकाही त्यात ओढली. २०२२ मध्ये जिल्हा न्यायालयाने निर्दोष ठरवलं, २०२३ मध्ये अपील न्यायालयाने तेच केलं, तरी सरकारी वकील सर्वोच्च न्यायालयात गेले. हा खटला मला सपशेल चुकीचा वाटतो. त्या बाईंचं मत पटो न पटो, त्यांनी कोणाची नक्कल केली नव्हती, कोणाला घराबाहेर काढा म्हटलं नव्हतं. आपल्या गटात त्यांच्यासाठी प्रार्थनेचा निरोप फिरला होता, मीही प्रार्थना केली होती. मग फिनलंडच्या सरकारी वकिलाने जे केलं तेच आपण वसईच्या ठाण्यात जाऊन करायचं? बोलणाऱ्याच्या मागे पोलीस लावणं तिथे जुलूम आणि इथे धर्मरक्षण, हे मला मुलांना शिकवता येणार नाही. उद्या हेच कलम आपल्या प्रार्थनासभांवर लावायला टपलेले कमी नाहीत, ते तुम्हाला मी सांगायला नको.

आणि कायद्याची काठी हातात घेण्याचा आपला इतिहास जुना आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने २ जुलै २००९ ला समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ ची धार बोथट केली. केंद्र सरकार अपिलात गेलं नाही. गेले कोण? एक ज्योतिषी, मुस्लिम पर्सनल लॉ बोर्ड, रामदेवबाबांचे सहकारी, आणि आपल्यापैकी अपोस्टॉलिक चर्चेस अलायन्स, उत्कल ख्रिश्चन कौन्सिल. एरवी एका मांडवाखाली जेवायला बसणार नाहीत अशी ही मंडळी जन्मठेपेची तरतूद असलेलं कलम वाचवायला एकत्र आली. ११ डिसेंबर २०१३ ला सर्वोच्च न्यायालयात त्यांच्या बाजूने निकाल लागला. तेव्हा मुंबईचे आर्चबिशप, कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशियस, यांनी स्पष्ट सांगितलं की समलिंगी विवाहाला आमचा विरोध आहे, पण या लोकांना ख्रिस्तसभेने कधी गुन्हेगार मानलेलं नाही. सगळा देश निकालावर भांडत असताना एका कार्डिनलने ही रेघ ओढली, त्याचा मला अभिमान वाटला होता. पुढे ६ सप्टेंबर २०१८ ला घटनापीठाने तो निकाल फिरवला. २०२३ च्या जानेवारीत पोप फ्रान्सिस यांनीही मुलाखतीत हेच सांगितलं: समलिंगी असणं गुन्हा नाही, पाप आहे म्हणाल तर ठीक, पण आधी पाप आणि गुन्हा यांत फरक करा. पापाबद्दल पापनिवेदनाच्या खुर्चीत बोलायचं असतं. तुम्ही ते फौजदाराच्या टेबलावर नेऊन ठेवताय.

‘आमचा छळ होतोय’ हा शब्द निवेदनात तीन ठिकाणी आलाय. ९३ व्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी आपल्या फादर फ्रान्सिस दिब्रिटोंची निवड झाली तेव्हा धर्मगुरू कसा चालेल म्हणून विरोध झाला. ते काय बोलले, काय लिहिलं, याच्याशी त्या विरोधाला देणंघेणं नव्हतं. ते कोण आहेत, एवढंच पुरे होतं. त्याला काय म्हणायचं ते म्हणा. स्टेजवर आपण काही करून दाखवलं आणि लोकांनी ‘हे वाईट केलंत’ म्हटलं, ही त्या जातीची गोष्ट नाही. माईक हातात घेतला की उत्तर ऐकून घ्यावं लागतं. चौकात बोललेल्या गोष्टीला देवळातला मान मिळत नाही, मग ती कीर्तनकाराची असो, मौलवीची असो की आपली.

टीका करणाऱ्यांनाही दोन शब्द, कारण ते हे वाचणार आहेत. प्रवचनकारांच्या कामाच्या ठिकाणी फोन करून ‘याला काढून टाका’ म्हणणं मला पटत नाही. फोलाऊच्या बाबतीतही पटलं नव्हतं. त्याने करारावर सही केली होती, आदल्या वर्षीही असंच लिहिल्यावर त्याच्याशी बोलणं झालं होतं, हे सगळं मान्य. तरी मैदानाबाहेर लिहिलेल्या मजकुरासाठी माणसाची रोजीरोटी काढायची, हा पायंडा उद्या कोणावर उलटेल याचा नेम नाही. समलिंगी माणसांच्या नोकऱ्या आजवर नेमक्या याच वाटेने गेल्या, हे तुम्ही विसरू नये. फोलाऊचं प्रकरण त्याच वर्षी डिसेंबरात तडजोडीने मिटलं, दोन्ही बाजूंनी दिलगिरी व्यक्त केली आणि कोणाचंही मत तिळभर बदललं नाही.

आणि ज्याने प्रवचनकारांच्या मुलीच्या फोटोखाली ते घाणेरडं लिहिलं, तिला धमकी दिली, त्याच्यावर जरूर तक्रार करा. त्या एका माणसाविरुद्ध वेगळा कागद करा, पहिली सही माझी घ्या, ठाण्यातही मी सोबत येतो. धमकी आणि टीका एका निवेदनात कोंबू नका. तसं केलंत तर धमकी देणारा त्या आईच्या आडोशाला लपेल.

आता मंडळाच्या शनिवारच्या बैठकीबद्दल. प्रवचनकार माझे विद्यार्थी होते, त्यांचा आवाज चांगला आहे, वाचन आहे, मनाने वाईट नाहीत. त्यांनी आपला विश्वास सोडावा असं मी म्हणत नाही. त्या चालीबद्दल आणि घरभाड्याबद्दल त्यांनी त्याच स्टेजवरून, त्याच माईकवर माफी मागावी, आणि पुढच्या वेळी दोन्ही परिच्छेद, २३५७ आणि २३५८, वाचून दाखवावेत. ते तयार नसतील तर मंडळाने आपल्या नावाने खुलासा काढावा. फादरांनाही मी हेच सांगितलंय.

विषयपत्रिकेवर आणखी एक विषय घाला. आपल्या धर्मग्रामात ज्यांची मुलंमुली समलिंगी आहेत अशा आईबापांना मंडळ काय मदत करू शकतं. अशी घरं किती आहेत ते मी सांगणार नाही, पण काही जण माझ्याकडे येऊन बोललेत आणि त्यांतले दोघे तुमच्या कार्यकारिणीत आहेत. त्यांनी निवेदनावर सही केलीय. का केली असेल, ते तुम्हीच समजून घ्या.

आपला,
धर्मशिक्षणाचे जुने सर
वसई